बर्डीवरचं लग्नवाल्यांचं दुकान, मामांची गौळण आणि 29 मिनिटं 59 सेकंद

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. मालकांनीच हात जोडले. "ताई, तुळशीचं लग्न झालं की माह्याकडे फोन उचलायला माणूस राहत नाही, अन् तुम्ही अजून गिऱ्हाईक कुठं पाठवता?" ज्याला खरंच गरज असेल त्याला ते सापडेल. नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडच्या मागची गल्ली, खाली चपलांचं दुकान, बाजूनं एक माणूस जेमतेम मावेल असा जिना, दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार. दारावर अजून 'व्हिडिओ शूटिंग व प्रोजेक्टर भाड्याने मिळेल' ही जुनी पाटी आहे. आत लग्नाच्या शूटिंगचं सगळं सामान भाड्यानं मिळतं: कॅमेरे, लेन्स, गिम्बल, लाइट, माईक, आणि कोपऱ्यात प्री-वेडिंगसाठी एक गुलाबी छत्री.

मी शाळेत भूगोल शिकवते. कथ्थक विशारदपर्यंत केलं, पुढे बी.एड., लग्न, नोकरी, आणि घुंगरू कपाटात गेले. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पलीकडे. आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा, तीस वर्षं खडी गंमतच्या पार्टीत नाच्या होते. आता 63 वर्षांचे आहेत, धानाची शेती करतात, गुडघे कुरकुरतात. तरी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पार्टीचं बोलावणं आलं की पायात चाळ बांधतात. त्यांच्यावर मी स्वतःच्या पैशानं माहितीपट करते आहे. निर्माता नाही, अनुदान नाही, एक आवर्ती ठेव होती ती मोडली. त्यामुळे सामान विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबई-पुण्याहून भाड्यानं आणायचं तर डिपॉझिटचे आकडे ऐकूनच फोन ठेवला.

खडी गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या भंडारा-गोंदियाकडची, नागपूरच्या आजूबाजूचीही लोककला. सगळं उभ्यानं चालतं, म्हणून खडी. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, चिकारा, टाळ, मागे झील धरणारे, आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष, म्हणजे नाच्या. आधी गण, मग गौळण, मग लावण्या नि सवाल-जवाब. दुय्यम, म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना, असली तर एकीकडे कलगीवाला शाहीर, दुसरीकडे तुऱ्यावाला, आणि पहाटेपर्यंत कोणी मागे हटत नाही. हे 'पहाटेपर्यंत' माझ्या खिशाला कसं लागलं ते पुढे येतंच.

आता दुकान. पंचांगानं मला एक मदत केली, ती सांगायलाच हवी. दिवाळी संपली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरायला लागते, भाऊबीजेच्या आसपासच. लग्नं मात्र तुळशीच्या लग्नाशिवाय निघत नाहीत, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीच्या पुढे. मधले नऊ-दहा दिवस दुकानातलं सगळं सामान रॅकवर बसून असतं आणि पोरं मोबाइलवर क्रिकेट बघत असतात. त्या दिवसांत कॅमेरा आणि 24-70 ची लेन्स मला 1,400 रुपये रोजानं मिळाली. साउंड रेकॉर्डर 400, बूमच्या लांब दांडीसकट गन माईक 300, बॅटऱ्यांसह दोन एलईडी पॅनल 300, ट्रायपॉड 150. डिपॉझिट 10,000 आणि आधारची झेरॉक्स. तुळशीच्या लग्नानंतर तोच कॅमेरा 2,200 ला झाला, आणि तोही मुहूर्त नसलेल्या दिवशीच. मंडया पुढेही चालू असतात, म्हणून नाचाचं काम करणाऱ्यानं आधी कालनिर्णय उघडावं.

पहिल्या खेपेला मी रेकॉर्डर घेतला नाही. कॅमेऱ्यावर एक छोटा माईक बसवून मिळाला आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, लग्नात आम्ही हाच लावून राहिलो." लग्नात चालतो तर मंडईत का चालणार नाही, असं मलाही वाटलं. दुपारी चारला सामान घेतलं, भंडारा रोडनं निघालो, सात वाजता गावात. धान कापून झालेल्या बांधीत मंडप, चार कोपऱ्यांना चार मोठे फोकस, आणि भोंगे बांधलेले. खेळ अकराला सुरू झाला. गण झाला, शाहीर बोलत होता, बोलतच होता, मी कॅमेरा चालू ठेवून बसले. मग मामा आले. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात कमरेवर. रिंगणाच्या कडेला थांबले, पदराआडून प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि ढोलकीनं उचल घेताच पहिली गिरकी घेतली. मी स्क्रीनमध्ये बघत होते. 63 वर्षांच्या माणसाचा घोटा असा फिरतो याचंच नवल करत होते. तीन-चार मिनिटांनी लक्षात आलं की स्क्रीनवरचा लाल ठिपका नाही.

कॅमेरा 29 मिनिटं 59 सेकंदांवर आपला आपण थांबला होता. बॅटरी भरलेली, कार्डात जागा, बिघाड काहीच नाही. त्या जातीचे कॅमेरे असेच बनवले जायचे. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जकात जास्त पडे, म्हणून फोटोच्या कॅमेऱ्यांना कंपन्यांनी एक सेकंद अलीकडची ही वेसण घातली. म्हणजे तिकडच्या जकातीपायी साकोलीच्या पलीकडे माझी गौळण तुटली. खेळानंतर लुगडं घडी घालता घालता मामांनी विचारलं, "ढोलकी थांबली होती का बाई? मंग तुझी मसीन काहून थांबली?"

घरी येऊन बघितलं तर आणखी दोन भोकं. फोकसच्या उजेडात चित्रावरून काळसर पट्टे वर सरकत होते. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम आणि एक साठांश सेकंद शटरवर होता, आपली वीज 50 हर्ट्झची, दोघांचा मेळ बसत नाही. ही चूक माझी धरा. घेताना मेन्यू उघडून बघायला हवं होतं. खरा घात आवाजात होता. ढोलकीची थाप पडली की बाकी सगळं खाली बुडायचं, मग हळूहळू वर यायचं, वर येतंय तोवर पुढची थाप. मामांच्या पायातले चाळ प्रत्येक समेला गायब. नाच दिसत होता, पाय पडताना ऐकू येत नव्हते. नाचणाऱ्याला विचारा, हे किती विचित्र वाटतं ते.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनं जिना चढले. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्नात कोणी सलग अर्धा तास घेते का ताई? मंगलाष्टकं पण दहा मिनिटांत संपते." यात तथ्य होतं, त्यामुळे राग जास्त आला. पण वाद न घालता त्यांनी त्याच भाड्यात दुसरा, मर्यादा नसलेला कॅमेरा दिला. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते. माझी चूक, तुमची चूक असला हिशोब काढत बसले नाहीत.

आवाजाची तक्रार मात्र त्यांनी मागच्या टेबलाकडे ढकलली. तिथं त्यांचे वडील बसतात. सत्तरीच्या पुढचे काका, डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंगची गरम सळई, समोर तुटक्या वायरींचा ढीग. एकेकाळी कीर्तनं आणि ऑर्केस्ट्रा कॅसेटवर भरायचे. माझी क्लिप त्यांनी हेडफोनवर दीड मिनिट ऐकली, डोळे मिटून. मग म्हणाले, "ऑटोवर आहे हे. मोठा आवाज आला की मशीन घाबरून कान झाकून घेते. घुंगरू आहेत का तुमच्याकडे?"

योगायोगानं होते. धर्मपेठेत एका जुन्या मैत्रिणीकडे क्लासला द्यायचे म्हणून पिशवीत टाकले होते.

"बांधा."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा दुकानात एक जोडपं प्री-वेडिंगचं पॅकेज ठरवत होतं, आणि मी, शेहेचाळीस वर्षांची भूगोलाची बाई, टाइल्सवर उभी राहून ततकार करत होते. ता थै थै तत, आ थै थै तत. आधी ठाय, मग दुगुन, मग काकांनी बोटानं खूण केली म्हणून चौगुन. एका पोराला त्यांनी प्लॅस्टिकची बादली उलटी करून वाजवायला बसवलं होतं, ढोलकीच्या जागी. स्वतः काका खाली मांडी घालून बसले होते, रेकॉर्डर जमिनीपासून वीतभर उंच धरून, मीटरवर नजर. पोरानं बादलीवर जीव तोडून थाप मारली की मीटरची काडी उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल, इतपत त्यांनी आवाजाची चकती मागे घेतली. "वरती जागा सोडायची. ढोलकीवाला तालमीत एक वाजवते, पब्लिक आली की दीडपट वाजवते." मग चकतीवर पांढरी चिकटपट्टी दाबून लावली, फिरू नये म्हणून.

रेकॉर्डर झूमचा एच 5 होता. तो घ्यावा असं मी आज डोळे मिटून सांगेन. वरच्या जोडमाईकवर भरताना तो हवं तर दुसरी एक प्रत त्याच वेळी 12 डेसिबल खाली भरून ठेवतो. म्हणजे ढोलकीनं मूळ आवाज फाडलाच तर ती थाप खालच्या प्रतीतून उचलून जोडता येते. दोन साध्या पेन्सिल सेलवर आख्खी रात्र चालतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला तासाला साधारण 1 जीबी लागतो, दुसरी प्रत धरली तर 2, म्हणजे 32 च्या कार्डात पंधरा तास. खालच्या दोन खोबण्यांत गन माईकसारखे बाहेरचे माईक लागतात आणि प्रत्येकाची चकती वेगळी.

माईक कुठं ठेवायचा हेही काकांनीच सांगितलं. मी बूम शाहिराच्या तोंडाकडे धरणार होते. ते म्हणाले, शाहिराचा आवाज भोंग्यातून गावभर जातोच, तो रेकॉर्डरवर आपसूक येईल. गन माईक बाजूनं, खालून, पायांकडे. भोंग्याकडे त्याची पाठ. चालू असताना केसाळ कव्हर काढायचं नाही, नोव्हेंबरातल्या रात्री वारा नसला तरी पहाटे सुटतो. आणि निघताना पाठीमागून, "ताई, डाव्या पायाचा तुमचा घुंगरू ढिला आहे." कथ्थकच्या गुरूंनी वीस वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं तेच.

दुसरी खेप म्हणजे दुसरं गाव, चार दिवसांनी. दोन्ही यंत्रं वेगळी असल्यामुळे चित्र आणि आवाज नंतर जुळवायला खूण लागते. सिनेमावाले पाटी आपटतात, मी टाळी वाजवणार होते. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तू काहून टारी वाजवते? मी पाय मारतो, तू धर." मग दर वेळी कॅमेरा नव्यानं सुरू केला की मामा रिंगणाच्या कडेला येऊन उजवा पाय तीनदा आपटायचे. मामांचे चाळ माझ्या घुंगरांसारखे बारीक नाहीत. चामड्याच्या पट्ट्यावरचे थोराड दाणे आहेत ते, आवाज खणखणीत नसून जाडसर, धानाची रास ओतल्यासारखा. एडिटिंगच्या खिडकीत आवाजाच्या रेघेवर ते तीन उंचवटे असे उभे राहतात की डोळे मिटूनही जुळवता येतील.

तरी जुळलेलं तासाभरात सरकतं, हे मला माहीत नव्हतं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एकसारखी चालत नाहीत. माझ्या फुटेजमध्ये तासाच्या शेवटी दोन-तीन फ्रेमचा फरक पडला होता. मुलाखत असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. नाचात 25 फ्रेमच्या हिशोबानं दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचे आठ शतांश, आणि तेवढ्यात पाय आधी पडतो, आवाज मागून येतो, मामा बेताले नाचताहेत असं वाटतं. तीस वर्षं ज्यांनी सम चुकवली नाही त्यांना मी बेताले दाखवणार होते. आता प्रत्येक गाण्याला नवीन क्लिप, प्रत्येक क्लिपला तीन पाय.

शटरबद्दल काउंटरवरच्या पोराशी माझा वाद अजून मिटलेला नाही. तो म्हणतो एक दोनशांश ठेवा, पाय कसे क्लिअर दिसते बघा. दिसतात, खरं आहे, फोटोसारखे. पण गिरकी तुकड्या-तुकड्यांनी होते, लुगड्याचा घेर फिरत नाही, उड्या मारतो. मी 25 फ्रेम आणि एक पन्नासांश ठेवते. फोकसचे पट्टेही गेले आणि बोटांच्या टोकाला जरासा धूसरपणा राहिला. समोर बसून बघताना डोळ्याला तसंच दिसतं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. ट्रायपॉड घेऊ नका. लग्नात तो स्टेजसमोर खिळ्यासारखा उभा असतो, त्यामुळे त्याचं डोकं कधी फिरलंच नसावं. मामा उजवीकडून डावीकडे गेले की ते आधी अडायचं, मग एकदम धावायचं. अख्खी एक लावणी माझ्या झटक्यांनी भरली आहे. पुढच्या वेळी मी एका ओळखीच्या फोटोग्राफरचा, संथ फिरणाऱ्या तेलाच्या डोक्याचा ट्रायपॉड मागून नेला.

भाड्याचा दिवस म्हणजे घेतल्यापासून चोवीस तास, हाही नियम आमच्या कामाला जाचक आहे. खेळ पहाटे पाचला संपतो, सहाला चहा, आठपर्यंत मामांच्या अंगणात खाटेवर डोळा लागतो, मामी जेवल्याशिवाय सोडत नाही. मौद्याजवळ ट्रकांच्या रांगेत अडकले आणि दीड तास उशीर झाला, तर अर्ध्या दिवसाचे पैसे कापले. पावती मागितली तर वहीच्या पानावर. नंतर बोलून मी मोकळ्या दिवसांत तीन रात्री दोन दिवसांच्या भाड्यात ठरवून घेतल्या. विचारलं तर देतात. स्वतःहून सांगत नाहीत.

सर्वांत गंभीर गोष्ट डेटाची. सामान परत देताना तिथला पोरगा कार्ड रिकामं करून तुमच्या हार्ड डिस्कवर टाकून देतो, फुकट. मी शेजारी उभी होते म्हणून दिसलं, तो कॉपी नव्हे, कट-पेस्ट करत होता. मध्ये वायर हलली. एक फाइल ना इकडे पूर्ण आली ना तिकडे राहिली. त्यात शाहिराची सात मिनिटं होती. शाहीर पुढच्या मंडईत परत तेच म्हणाले, म्हणून वाचले. नशिबानं मामांचा नाच दुसऱ्या कार्डात होता. आता मी लॅपटॉप घेऊन गावातच, मामांच्या पडवीत, दोन डिस्कवर कॉपी करते आणि कार्डं स्वतःच्या हातानं रिकामी करते. 50 मेगाबिटला तासाचं फुटेज साडेबावीस जीबी होतं. तेवढ्यात मामीचा दुसरा चहा होतो.

मग जावं का तिथं? कॅमेरा कुठूनही घ्या. खरं सांगायचं तर दुसऱ्या कोनासाठी मी माझा मोबाइल एका बांबूला बांधला होता, आणि गर्दीची, पोरांच्या चेहऱ्यांची त्यातली दृश्यं फिल्ममध्ये राहणार आहेत. आवाजाचं सामान मात्र इथूनच घ्या. दुपारी बारा ते चार या वेळात जा, तेव्हा काका असतात. साडेचारला ते घरी जातात. काय भरणार आहात ते तोंडानं सांगू नका, सोबत घेऊन जा. ढोलकी असेल तर ढोलकी, टाळ असतील तर टाळ. पाचपैकी साडेतीन. ट्रायपॉडचा एक कापला, कट-पेस्टचा अर्धा.

गेल्या आठवड्यात पुढच्या दिवाळीसाठी तारखा लिहायला गेले. एच 5 रॅकवर होता आणि चकतीवर काकांची चिकटपट्टी तशीच, कडेनं काळी पडलेली. काढली नाही का, विचारलं. मालक म्हणाले, "कशाला काढायची? वरातीतल्या बँडला पण हीच लेव्हल बरोबर बसून राहिली, ताई."